वरचं पाणी

मे महिना सरायच्या आतच खालच्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. तेव्हा शेफिका मनाशी म्हणाली, यंदा काही झालं तरी वरचं पाणी घरी आणायचंच.

हे ती दरवर्षी म्हणायची. नवरा होता तेव्हा तोही म्हणायचा. रोडोपीच्या डोंगरातल्या त्या बुकोवा गावाच्या वरच्या वाडीत असं म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. एके काळी वाडी भरलेली होती. आता धूर निघायचा तो दोनच घरांतून. एक शेफिकाचं, दुसरं ओढ्यापलीकडे सालिहचं. बाकीच्यांची दगडी छपरं आत बसली होती, आणि ज्या चुलींवर कधी घेवडा रटरटायचा त्यांच्यातून जंगली झुडपं डोकं वर काढत होती. सरकारी नळ खालच्या गावापर्यंत येऊन थांबला होता. दोन धुरांसाठी तो वर कोण आणणार?

खालचा झरा घळीत होता. गाढवीच्या दोन्ही अंगांना कॅन बांधून उतरायचं, एकेक कॅन धारेखाली लावून दगडावर बसायचं, भरले की गाढवीच्या मागे धापा टाकत चढायचं. सकाळी, दुपारी, सांजेला. तंबाखूच्या रोपांना पाणी, गाईला पाणी, चुलीला पाणी, सासूच्या नमाजाला पाणी. धार जाड असायची तेव्हा एक खेप न्याहारी होईतो उरकायची. आता कॅन भरेपर्यंत बसून बसून ढुंगणाला रग लागायची.

वरचा झरा घराच्या वरच्या अंगाला, बीच झाडांच्या रानात होता. बारमाही, मनगटाएवढा, दातांना कळ आणणारा थंड. पण त्याच्यात आणि घरात एक खडकाळ चढ आडवा पडलेला. त्याला सगळे कुबड म्हणायचे. तिथून कॅन आणायचे तर रानातून गाढवाला वाट नाही. चारी खणून आणावं तर पाणी काही चढ चढत नाही. कुबड फोडलं तरच काम. तिच्या नवऱ्याने, राईफने, झऱ्यापासून कुबडापर्यंत चारी खणली, घरापासून कुबडापर्यंत खणली, मधला खडक फोडायला घेतला. काळ्या पाइपचं वेटोळंही आणून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं. मग त्या हिवाळ्यात सरपणापाण्याची सोय म्हणून लाकूडतोडीला गेला आणि उतारावरून घरंगळलेल्या ओंडक्याखाली सापडला. खडक तिथेच राहिला.

शेफिका फुरसत मिळाली की कुदळ-पहार घेऊन वर जायची. फुरसत म्हणजे काय, तर गाय चरायला सुटलेली, म्हातारीचा डोळा लागलेला, आणि पाण्याची खेप व्हायला अवकाश, असा मधला एखादा तुकडा. त्या तुकड्यात ती चढून कुबडावर पोचायची, दम खायची, पहार मारायची. खडक मूठभर सुटायचा. तेवढ्यात खालून गाय हंबरायची. हिवाळ्यात दोन्ही चाऱ्यांमध्ये पाचोळा आणि चिखल भरायचा, आणि वसंतात निम्मा वेळ जुनंच पुन्हा उकरण्यात जायचा.

"गेली होतीस वाटतं परत खडकावर डोकं आपटायला?" सासू विचारायची.

सासूचं नाव हातिजे. ऐंशीच्या पलीकडली, वाळलेल्या मिरचीसारखी, जीभही तशीच. काठी टेकत अंगणभर फिरायची, चूल सांभाळायची, आणि तंबाखूची पानं दाभणावर अशी ओवायची की शेफिकाच्या दोन माळा होईतो तिच्या तीन.

"गेले होते, आत्या."

"किती फुटला?"

"हा एवढा." शेफिका तळहात दाखवायची.

"वा! माझ्या मयतापर्यंत वाटीभर पाणी नक्की येईल."

"तोंडाला लगाम नाही तुमच्या."

"राईफ म्हणायचा, आई, तुला घरात नळ बसवून देतो. म्हटलं, बाबा, आधी दाराची कडी बसव. कडी अजून नाही." म्हातारी हसायची, आणि हसता हसता दाभणात पान अडकवायची.

कुबड फोडणं महत्त्वाचं होतं, ते एकट्या पाण्यासाठी नव्हतं. शेफिकाची लेक सेव्दा शहरात होती, शिवणाच्या कारखान्यात. तिला दोन वर्षांचा मुलगा. मागच्या उन्हाळ्यात चार दिवस राहायला म्हणून आली, आणि दुसऱ्या दिवशी पोराचं ढुंगण धुवायला कॅन तिरपा करताना रडकुंडीला आली. "आई, पाणी आण गं घरात आधी," जाताना म्हणाली, "मग आम्ही उन्हाळाभर येऊन राहतो. तंबाखूला पण हात लावते." शेफिकाने ते बोलणं जपून ठेवलं होतं. पाणी आलं की अंगणात भाजी होईल. दोन गाई पोसतील. लेक येईल, नातू येईल. कदाचित सालिहचा मुलगाही परतेल. कदाचित अजून कोणी. कॅन भरेपर्यंत दगडावर बसून ती वाडीतली एकेक चूल मनात पेटवायची. तेवढ्यात कॅन भरून वाहायला लागायचा.

*

जुलैत सालिह पलीकडून हाका मारत आला. साठीचा, गुडघे गेलेला, पण आवाज अजून डोंगर ओलांडणारा.

"शेफिका, माझा पुतण्या रासिम रस्त्याच्या कामावर आहे. खडक फोडायचं मशीन आहे त्याच्याकडे. पेट्रोलवर चालतं, दोघांनी उचललं तर वर जातं. शनिवार-रविवार आणतो म्हणतोय."

शेफिकाच्या हातात तंबाखूचं पान होतं. ती ते धरूनच उभी राहिली.

"त्याला द्यायचं काय?"

"दोन वेळा पोटभर घाल. आणि माझ्या बायकोचे बटाटे काढायला ये एक दिवस. बस्स."

शनिवार उजाडला तो दक्षिणेच्या गरम वाऱ्यासकट. अशा वाऱ्यात तंबाखूचं पान बघता बघता पिवळं होतं, आणि आज नाही तोडलं तर उद्या झाडावरच करपतं. मधल्या थरातलं पान, तेच सगळ्यात मोलाचं. त्या पानावर त्यांचं वर्षाचं पीठ, मीठ, म्हातारीच्या गोळ्या. पान तोडायचं पहाटे, दव असताना. आणि त्याच दिवशी ओवायचं, नाहीतर ढीग आतून तापतो आणि कुजतो.

रासिम मशीन खांद्यावरून उतरवत म्हणाला, "मावशी, पुढच्या आठवड्यात नाही जमणार. ठेकेदाराला न विचारता आणलंय. सोमवारी जागेवर नसलं तर मी पण जागेवर नसेन."

शेफिकाने एकदा शेताकडे पाहिलं, एकदा कुबडाकडे. हात काळ्या चिकाने माखलेले, पहाटेपासून जेवढं तोडता आलं तेवढं तोडून तिने पडवीत ढीग घातला होता.

"जा," हातिजे म्हणाली. ती ढिगाशी मांडी घालून बसलीच होती. "पानं मी ओवते. तू या घरात पाऊल टाकायच्या आधीपासून ओवतेय."

"एवढी सगळी?"

"मग काय! माझा पोरगा जाऊन किती वर्षं झाली, खडक अजून तिथेच आहे. जा, नाहीतर मीच जाते मशीन धरायला."

शेफिका गेली. मशीन एका बाजूने रासिमने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. वर पोचेतो तिच्या खांद्याची कातडी सोलून निघाली. रासिमने खडकावर खडूने रेघ मारली आणि मशीन लावलं. धडधडाट असा की बीचच्या रानातले पक्षी उडाले. आधी त्याने रेघेवरून ओळीने खोल भोकं पाडली, मग कडेकडेने फोडायला घेतलं. शेफिका तुकडे उचलून बाजूला फेकत होती. हाताएवढे, डोक्याएवढे तुकडे! तिच्या वर्षभराच्या कामाएवढा खडक तिच्या डोळ्यांदेखत निघत होता. तिच्या केसांत, तोंडात धूळ गेली होती आणि ती हसत होती. आपण हसतोय हे तिला रासिमच्या तोंडावरून कळलं.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. चालू दे."

"हा वरचा थर मऊ आहे. खालचा जरा चिवट दिसतोय. पण उद्या दुपारपर्यंत आरपार जातो बघ."

दुपारी मशीन थंड व्हायला ठेवलं तेव्हा खालून गाय हंबरताना ऐकू आली. मग शेफिकाच्या ध्यानात आलं, गाईला सकाळपासून पाणी नाही. झऱ्याची एकच खेप झाली होती आणि ते पाणी पडवीत कॅनमध्ये होतं. जावं, असं तिच्या मनात आलं. पण खाली जाऊन वर यायचं म्हणजे अर्धा प्रहर. रासिमने मशीन पुन्हा हातात घेतलं होतं. एवढा तुकडा होऊ दे, तिने ठरवलं. मशीन थांबलं की गाय ऐकू यायची, चालू झालं की नाही. एकदा थांबलं तेव्हा गाय गप्प होती. शेफिकाला बरं वाटलं. झोपली असेल सावलीत.

ऊन कलल्यावर ती पाव आणि दही आणायला खाली आली. पडवीत ढीग अर्धा तसाच होता. दाभण त्याच्यावर पडलेलं. गाईपुढे ओली जमीन होती, आणि गोठ्याच्या पायरीशी हातिजे आडवी पडली होती. बादली दूर घरंगळलेली.

"ओरडायचं नाही का, आत्या?" शेफिकाने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"ओरडले की." म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. "वर नुसतं धडाड धडाड चाललं होतं. गाय प्यायली मात्र. अर्धी बादली प्यायली, मग मी पडले."

*

रासिमने तिला पाठीवर घेतलं आणि खालच्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडीत घालून तालुक्याच्या इस्पितळात. खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात कापाकापी नको. काही दिवस ठेवून घेतो, मग घरी न्या, कूस बदलत राहा, स्वच्छ ठेवा. तिथली नर्स चादर बदलताना नाक मुरडून म्हणाली, "घरी आंघोळ घालत नाही का तुम्ही हिला?" शेफिकाने आपले काळे हात ओढणीखाली घेतले. वाटेत हिरवा टोमॅटो चोळला असता तर हातांवरचा चीक निघाला असता. पण ते तेव्हा कुठून सुचणार?

ती घरी परतली तेव्हा पडवीतला ढीग तापून काळा पडला होता. हात घातला तर आत शेणासारखा गरम आणि बुळबुळीत. तिने तो फावड्याने उकिरड्यावर टाकला. शेतातलं झाडावरचं पान करपून गेलं होतं. रासिम मशीन घेऊन गेला होता. कुबडाच्या वरच्या अंगाला एक खाच पडली होती, आणि खालच्या चिवट थरात ओळीने भोकं. बाकी खडक होता तसा होता.

म्हातारीला घरी आणल्यावर पाण्याची भूक दुप्पट झाली. रोज चादरी, रोज फडकी, रोज अंग पुसणं. आणि खालची धार आता दोऱ्याएवढी. शेफिका पहाटे पान तोडायची, एकटीच ओवायची, मध्येच उठून कूस बदलायची, घळीत उतरायची, चढायची, धुवायची. ओवता ओवता पेंग यायची आणि दाभण बोटात जायचं. रक्त आणि चीक एक होऊन वाळायचं. कुबडाकडे तिचं लक्ष जायचं ते फक्त वाळवणीच्या काठ्या उभ्या करताना, मान वर झाली तर. लेकीचा फोन यायचा तेव्हा सेव्दा म्हणायची, "येते गं मी, सुट्टी मिळाली की." मग पलीकडून पोराचं रडणं, मग कोणीतरी तिला हाक मारलेली, मग फोन बंद.

"त्या दिवशी मी खाली यायला हवं होतं," एकदा अंग पुसताना शेफिका म्हणाली.

"आणि मी बसल्या जागी बसायला हवं होतं," हातिजे म्हणाली. "गाईने गप्प बसायला हवं होतं. पावसाने पडायला हवं होतं. पाठ नीट चोळ, हा हिशेब नंतर कर."

*

गवत कापायच्या दिवसांत शेफिका इस्पितळात आणि अंथरुणाशी होती. उन्हाने आधीच विरळ झालेलं कुरण, त्यात उशीर. सप्टेंबरात माळ्यावर चढून तिने पाहिलं, तर जेवढं गवत होतं ते बर्फ पडेपर्यंतही पुरलं नसतं. म्हातारीला मक्याचा घाटा आता गिळता येत नव्हता, ती दुधावर होती. गाय गेली तर म्हातारी गेली. गवताच्या शेजारी काळ्या पाइपचं वेटोळं पडलं होतं. त्याच्यात उंदराने घर केलं होतं. ती त्याच्याकडे पाहत बसली.

सालिहच्या अंगणात सामान बांधणं चाललं होतं, त्याची बायको नाजिफे आत भांडी भरत होती. त्याच्या गाई विकून झाल्या होत्या.

"मुलाकडे चाललोय, खाली मैदानात," तो नजर चुकवत म्हणाला. "नाजिफेची छाती भरते थंडीत. डॉक्टर म्हणतात, दम्याला डोंगर नको. तुला सांगायलाच येणार होतो."

"कधी?"

"जुम्मा झाला की."

शेफिका त्याच्या गंजीकडे पाहत होती. एवढं गवत तो कुठे नेणार?

"सालिहभाऊ, पाइप आहे माझ्याकडे. नवा आहे. मुलाच्या बागेला लागेल."

सालिहने हातातली दोरी खाली ठेवली. "राईफने आणलेला?"

"हो."

"गवत असंच घेऊन जा गं. पाइप राहू दे."

"असंच नको. फुकट घेतलं तर उद्या तुमच्यासोबत पाव मोडताना मी लाजायचं का?"

"मग कुबडाचं काय?"

"गाय आज हंबरतेय."

पाठीवर गवताचे भारे घेऊन तिने कितीतरी चकरा मारल्या. शेवटच्या चकरेला पाइपचं वेटोळं खांद्यात अडकवून नेलं. नाजिफेने आतून तिला चहा दिला, आणि खिडकीतल्या जिरॅनियमच्या कुंड्याही दिल्या, "पाणी घालशील ना?" म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं, आणि ती म्हणाली, "नाही घातलंस तरी चालेल हो."

त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर वाडीत एकच धूर राहिला.

*

हिवाळा लांबला. झऱ्याची धार शरदातल्या पावसाने पुन्हा जाड झाली होती, पण वाट बर्फाची. गाढवी घळीत उतरायला मागायची नाही, तिच्यापुढे राख पसरत जावं लागायचं. कॅनच्या तोंडाशी बर्फ धरायचा. शेफिकाचे हात फुटले. भेगांत चरबी भरून ती फडकं बांधायची. दिवसभरात बोलायला म्हातारी, गाय, गाढवी. गाय आणि गाढवीशी ती जास्त बोलायची, कारण म्हातारी आता बहुतेक झोपेतच असायची.

एकदा खेप घेऊन आत आली तेव्हा हातिजे जागी होती. तिच्या हाताशी चुलीजवळचा एक चपटा दगड होता. ती दोन्ही हात दगडावर टेकवत होती आणि कोरडेच तोंडावरून फिरवत होती.

"आत्या, हे काय? उशाशी तांब्या भरून ठेवलाय ना नमाजाआधीच्या वुजूला?"

"असू दे. पाणी नसलं तर दगडावर चालतं."

"पण पाणी आहे!"

"आहे ते मला दिसतंय. ते इथवर कसं येतं तेही दिसतं." म्हातारीने दगड गोधडीखाली सरकवला. "वरच्याला दिसत असेल तर तोही समजून घेईल."

"कधीपासून चाललंय हे?"

"तू विचारू नकोस, मी सांगणार नाही."

शेफिकाने तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर धार धरली. म्हातारीने नाही म्हटलं नाही. बोटं हळूहळू चोळली, कोपरापर्यंत ओली केली. पाणी परातीत पडत होतं. परातीतलं पाणी शेफिका नंतर जिरॅनियमला घालणार हे दोघींनाही माहीत होतं.

फेब्रुवारीत, भर दुपारी, दूध पाजताना हातिजेने घोट घेतला आणि गिळलाच नाही. शेफिका चमचा धरून बसली. मग तिने म्हातारीचं तोंड पुसलं, हनुवटीखाली फडकं बांधलं, आणि फोनला रेंज मिळावी म्हणून कुबडावर चढून गेली.

खालच्या गावातून इमाम आले, माणसं आली, बायका आल्या. गोठलेल्या जमिनीत खड्डा खणायला माणसांना वेळ लागला. बायकांनी मयताची आंघोळ हाती घेतली. "पाणी अजून," आतून कोणीतरी म्हणालं. शेफिका खेप घेऊन आली, गरम केलं, पुन्हा गेली. "अजून थोडं." त्या दिवशी तिने सासूसाठी जेवढं पाणी आणलं तेवढं एका दिवसात कधी आणलं नव्हतं. मयत उठलं तेव्हा ती घळीत होती. चढून वर आली तर माणसं दफनभूमीच्या वाटेला लागलेली. तिने गाढवी सोडली नाही. तशीच लगाम धरून उभी राहिली, ती माणसं झाडाआड जाईपर्यंत.

सेव्दा आली, दोन दिवस राहिली. पोराला घेऊन आली नव्हती. "आई, चल तिकडे," म्हणाली. "एकच खोली आहे, पण बघू कसंतरी." बघू कसंतरी म्हणताना तिने आईकडे पाहिलं नाही. शेफिका म्हणाली, "बर्फ उतरू दे, मग बघू." दोघींनाही बरं वाटलं.

*

मार्चात गाय आटली. खालच्या गावातला एकजण ती घेऊन गेला. तंबाखूची रोपं टाकायचे दिवस आले आणि गेले. शेफिकाने वाफा उकरला नाही. ओवायला दुसरं माणूस नसताना तंबाखू होत नाही, हे तिला गेल्या वर्षाने शिकवलं होतं. एकटीच्या पोटाला बटाटे पुरेत. पाण्याच्या तीन खेपांची एक झाली, आणि तीही एक दिवसाआड. सकाळ झाली की ती उठायची, चूल पेटवायची, आणि मग हात मोकळे. हात मोकळे म्हणजे कसे, हे तिच्या हातांनाच ठाऊक नव्हतं. ते ओढणीचं टोक मुरगाळत बसायचे.

एका सकाळी ती कुदळ आणि पहार घेऊन कुबडावर गेली. जायचं म्हणून गेली, दुसरं काही नव्हतं म्हणून.

बर्फ वितळून खडक ओला होता. रासिमने खालच्या थरात पाडलेल्या भोकांमधून एक भेग गेली होती, या भोकातून त्या भोकात, सरळ रेघेसारखी. हिवाळाभर भोकांत पाणी साचलं होतं, गोठलं होतं, फुगलं होतं. तिने भेगेत पहार घातली आणि अंग टाकलं. खडक कुरकुरला आणि पावाचा तुकडा मोडावा तसा मोडला. तिला विश्वास बसेना. दुसऱ्या भेगेत घातली. तोही सुटला. दिवस कलेपर्यंत ती दगड ढकलत राहिली. कोणाला हाक मारायची नव्हती, खालून कोणी हंबरत नव्हतं. भूक लागली तेव्हा तिने खिशातला पाव खाल्ला आणि पुन्हा पहार उचलली. असं सलग काम तिने या जागी कधी केलंच नव्हतं. एवढंच तर हवं होतं, तिच्या मनात आलं. असे थोडेसे दिवस. राईफला मिळाले असते, तिला मिळाले असते, कधीही.

थोड्याच दिवसांत खाच आरपार गेली. पाइप नव्हता. तिने चारीतला पाचोळा उकरला, पडक्या घरांच्या छपरांचे चपटे दगड आणून तळाला बसवले, भेगांत चिकणमाती दाबली. आठवडाभरात ते उरकलं. मग काम होईतो झऱ्याच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध तिने पायाने ढकलला.

पाणी आधी मातकट आलं, पाचोळा पुढे ढकलत. मध्येच थबकायचं, खळगा भरायचं, मग पुढे सरकायचं. ती त्याच्या बरोबरीने चालत होती, त्याच्याच चालीने. कुबडाच्या खाचेत पाणी शिरलं तेव्हा तिने श्वास रोखला. पलीकडून ते बाहेर आलं आणि उतार लागताच असं धावत सुटलं की तिलाही धावावं लागलं. ती अंगणात पोचली तेव्हा पाणी तिच्या आधी पोचलं होतं.

तिने कॅन लावला. ओढणी सारखी करेपर्यंत भरला. दुसरा लावला. घरातले सगळे कॅन, घंगाळं, कढई, दुधाची भांडी, गाईची डोणी, सगळं भरलं. भरायला काही उरलं नाही. गाढवी आली, दोन घोट प्यायली आणि निघून गेली. तिला तहान नव्हती. शेफिकाने म्हातारीच्या चादरी काढल्या, ज्या धुतलेल्याच होत्या, आणि पुन्हा धुतल्या. तरी ऊन माथ्यावर आलं नव्हतं.

मग ती कुबडावर जाऊन उभी राहिली आणि फोन लावला.

"सेव्दा, पाणी आलं गं."

मागे शिलाई मशिनींचा आवाज होता. "काय आलं?"

"पाणी. वरचं. अंगणात आलं."

"अगं बाई! कोणी आणलं?"

"मीच."

"एकटीने? आई, दमलीस ना? आता कशाला गं एवढं करायचं. आता तुला एकटीला किती लागतं?" मग घाईने म्हणाली, "बरं झालं पण. फार बरं झालं. उन्हाळ्यात बघते मी. सुट्टी मिळते का बघते."

"बघ."

"रागावलीस?"

"नाही गं. काम कर तू. मुकादम ओरडेल."

ती खाली आली तर अंगणात तळं झालं होतं. पाणी पायरीला लागलं होतं आणि आणखी थोड्या वेळाने उंबऱ्यातून आत शिरलं असतं. एवढ्या वर्षांत पाणी आणायचं कसं याचा विचार झाला होता, आलेल्या पाण्याला पुढे वाट कुठून द्यायची हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. शेफिकाने पुन्हा कुदळ घेतली. कुंपणाखालून एक चर काढला आणि पाणी वाडीच्या रस्त्याला सोडलं.

ते सालिहच्या बंद घराजवळच्या उतारावरून गेलं, मशिदीच्या कोरड्या हौदाला वळसा घालून गेलं, एकेका दारापुढून खाली खाली गेलं. ती कुदळ घेऊन त्याच्यामागे चालत होती. जिथे अडेल तिथे दगड काढून वाट करून देत होती. सूर्य मावळेपर्यंत पाणी वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं. कुठल्याच दारातून कोणी भांडं घेऊन बाहेर आलं नाही.